चिकलठाण्याचं सरकारी विमान : तुमचा अनुभव काय?

औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई-औरंगाबाद-उदयपूर-जयपूर-दिल्ली असं टप्पे घेत जाणारं सरकारी कंपनीचं (इंडियन एअरलाइन्स, पुढे एअर इंडिया) विमान ज्यांनी वापरलं, आणि आपल्या वाट्याचं ते कसं आटत गेलं हे पाहिलं, त्यांनी लिहा. कंपनी सरकारी होती तोवरचंच. शिव्या नकोत, काय घडलं ते सांगा.

वेरूळचा गाईड :
विमान रोज होतं तोवर आमचं गणित सोपं. पाहुणा उदयपूरहून उतरायचा, दोन मुक्काम, मग मुंबई. पुढे आठवड्यातले मोजकेच दिवस उरले. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री आलेल्या आणि मंगळवारी निघणाऱ्या माणसाला वेरूळ सोडून दाखवायचं काय? मकबरा आणि पाणचक्की अर्ध्या दिवसात उरकतात! एजंटांनी शेवटी औरंगाबादच गाळलं. जपानी शिकण्यात घातलेली माझी वर्षं तशीच पडून आहेत.

वाळूजचा कारखानदार :
आमचं दुखणं वेळेचं. सकाळी मुंबईला जाऊन रात्री घरी, एवढंच हवं होतं. वेळ दुपारची केली. प्रवासी घटले. मग 'प्रतिसाद नाही' म्हणून फेऱ्या कमी! परदेशी गिऱ्हाईक आलं की ड्रायव्हरला पुण्याला पाठवायचो.

निवृत्त ग्राउंड स्टाफ :
ऑफ सीझनला अर्धं विमान रिकामं जाताना मी पाहिलंय, तेही लिहा की. पण दिल्लीत एखादं विमान नादुरुस्त झालं की कात्री आमच्याच फेरीला, हेही खरं. वरून फोन यायचा, आणि काउंटरवर लोकांच्या तोंडी आम्ही. जालन्याचे एक व्यापारी फेरी रद्द झाली की आधी मला चहा पाजायचे, मग कडाकडा भांडायचे.

सिडकोवासी :
१९९३चा अपघात विसरत नाही. धावपट्टीच्या टोकाला बीड रोडवर कापसाच्या गाठींचा ट्रक, उडतानाच हे विमान त्याला धडकलं. ५५ जीव गेले. तरी वडील पुढेही त्याच विमानानं जात राहिले. २०१९ मध्ये खासगी जेट एअरवेज बंद पडली तेव्हा आम्ही परत सरकारीच्याच तोंडाकडे बघत बसलो. इतका धीर धरणारं गिऱ्हाईक कुणाला मिळतं?

जालनाकर :
आईला दिल्लीच्या डॉक्टरांची तारीख मिळाली होती. व्हीलचेअर सांगून ठेवलेली, बॅग भरलेली. रात्री मेसेज : फेरी रद्द. पैसे परत मिळाले, तारीख गेली. पुढच्या तारखेला तिकीट शिर्डीहून काढलं.