पासपोर्ट कुठला, मूळ कुठलं? परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी अनुभव धागा

परदेशात जन्मलेल्या किंवा लहानपणीच तिकडे गेलेल्या मुलांच्या घरी दोन प्रश्नांची सारखी सरमिसळ होते. मूल कायद्याने कुठल्या देशाचं, आणि ते कुठल्या माणसांचं? ‘आपलंच तर आहे, भारतीयच असणार’ असं म्हणून कागद राहतात. उलट, तिकडचा पासपोर्ट हातात आला की ‘आता मराठीचं काय काम’ म्हणून भाषा सुटते. या कामाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी कृपया लिहावं. घरच्या गोष्टी नकोत. कुठला कागद, कुठली मुदत, कुठे अडतं आणि का, एवढं सांगा.

कॉन्सुलर कागदपत्रांचं काम करणारे

मुदतींपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

आईवडील भारतीय नागरिक, म्हणजे परदेशात जन्मलेलं मूल आपोआप भारतीय, हे आता खरं नाही. ३ डिसेंबर २००४ पासून अशा बाळाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि त्यात महिने जातात. आखाती देशांत तर ही नोंद टाळून चालतच नाही. तिथे जन्मल्यामुळे तिथलं नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे इकडची नोंद राहिली तर बाळाच्या हातात कुठलाच पासपोर्ट नसतो.

नोंदणीच्या वेळी आईवडील लिहून देतात की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा पासपोर्ट आधी काढून ठेवायचा आणि मग हे लिहून द्यायचं, हा सरळ खोटा जबाब आहे. एका मुलाचे दोन पासपोर्ट एका कपाटात ठेवायचे नाहीत. जन्माने दोन्हीकडचं नागरिकत्व आलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं, नाहीतर भारतीय नागरिकत्व संपतं. साडेअठराव्या वर्षाची ती तारीख आजच लिहून ठेवा.

परदेशी पासपोर्ट ठरला असेल तर ओसीआय, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड. ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे मुलाला मोठं होताना स्वच्छ सांगा. मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमिनीची खरेदी नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर नीट, जेईईसारख्या परीक्षांतून फक्त अनिवासी भारतीयांसाठी असलेल्या जागांवर प्रवेश मिळतो. मुलाला इकडे डॉक्टर करायचं स्वप्न असेल तर हा हिशेब दहावीत नव्हे, कार्ड काढतानाच करायचा.

अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा तीन कारणांनी. जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात (ब्रिटनचा छोटा जन्मदाखला असाच असतो, पूर्ण दाखला मागून घ्या). फोटो चौकोनी नसतो, किंवा सहीचा फोटो आडव्या प्रमाणात कापलेला नसतो. सहीची रुंदी उंचीच्या तिप्पट लागते. तान्ह्या बाळाच्या सहीच्या जागी अंगठा चालतो. तिसरं कारण म्हणजे आई आणि वडील दोघांच्याही सह्या असलेलं संमतिपत्र नसणं. विसाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि ताजा फोटो तीन महिन्यांत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा. विशीनंतरचा पहिला पासपोर्ट आला की कार्ड एकदा नव्याने काढायचं.

मूळ किती पिढ्या मागे चालतं, असं विचारतात. मूल, नातवंड, पतवंड. मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी सातव्या पिढीपर्यंतची खास तरतूद मार्च २०२४ मध्ये जाहीर झाली. तिथे मराठी वस्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे, म्हणून हे लिहितो.

परत आलेल्या कुटुंबांचे सल्लागार

दादांनी परदेशातल्या जन्माचं लिहिलं, मी उलट बाजू सांगतो. आईवडील दोघंही परदेशी नागरिक आणि ओसीआयधारक, पुण्यात परतले, बाळ पुण्यात झालं. महापालिकेचा जन्मदाखला मिळतो, पण बाळ भारतीय नागरिक नसतं! डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या बाळाचे दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे दोघांपैकी एकाने भारतीय पासपोर्ट ठेवला असता तर बाळ जन्मतः भारतीय ठरलं असतं. दोघंही परदेशी असतील तर प्रसूतीआधीच त्या देशाच्या वकिलातीला विचारा: वंशाने नागरिकत्व देण्यासाठी पालकाचं तिथलं किती वास्तव्य लागतं, आणि त्याचे कोणते पुरावे? जुने शाळेचे दाखले आणि कराची विवरणपत्रं तेव्हाच शोधून ठेवा. बाळ घेऊन धावपळ करताना ती सापडत नाहीत.

अमेरिकेतल्या व्हिसांचं काम पाहणाऱ्या

एकाच घरात थोरलीचा जन्म नाशिकचा आणि धाकट्याचा न्यू जर्सीचा असला तर बहीणभावाचं राष्ट्रीयत्व वेगळं असू शकतं. धाकटा १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे तिथला. (तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या बाळांना जन्माने नागरिकत्व नाकारणारा राष्ट्राध्यक्षांचा २० जानेवारी २०२५ चा आदेश न्यायालयात गेला. नवं बाळ येणार असेल तर त्या वेळची स्थिती वकिलाकडून तपासा.) थोरली मात्र तिसऱ्या वर्षापासून तिथे वाढली, तिथल्या उच्चारांत बोलते, आणि एच-४ वर (पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असल्यामुळे एकविसाव्या वाढदिवसाला पालकांच्या छत्राबाहेर पडते. माझ्या मते राष्ट्रीयत्व आणि वाढ यांतलं अंतर सगळ्यात क्रूरपणे दिसतं ते या मुलांत.

वय मोजायची रीत अशी: ग्रीनकार्डासाठी व्हिसा क्रमांक उपलब्ध होईल (म्हणजे रांगेत पाळी येईल) त्या दिवशीचं वय घ्यायचं, आणि आय-१४० अर्ज (पालकाच्या ग्रीनकार्डासाठी नोकरी देणारी कंपनी करते तो) जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करायचे. वय २१ वर्षं १०० दिवस आणि अर्ज १५० दिवस अडकलेला असेल, तर मूल एकविसाच्या आत धरतात. ५० दिवसच अडकलेला असेल तर नाही. म्हणूनच जलद निकालासाठी जास्तीचं शुल्क भरून आय-१४० मंजूर करून घेणं या एका बाबतीत तोट्याचं ठरू शकतं. मुलीचं वय जवळ आलेलं असेल तर आधी ही वजाबाकी करा. क्रमांक उपलब्ध झाल्यावर वर्षाच्या आत अर्जही पुढे न्यावा लागतो.

आणि पालक नागरिक झाले की अठराच्या आतलं, ग्रीनकार्ड असलेलं, त्यांच्याजवळ राहणारं मूल आपोआप अमेरिकन नागरिक होतं. हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून आहे. शपथविधी आईवडिलांचा असतो, मुलाच्या हातात काहीच येत नाही, म्हणून लोकांना ते कळत नाही. लगेच मुलाचा पासपोर्ट काढा आणि भारतीय पासपोर्ट रीतसर परत करा. मूल अठराचं होऊन गेलं की ही वाट बंद.

ब्रिटनमधून, थोडक्यात

१ जानेवारी १९८३ पासून इथल्या जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी एक पालक ब्रिटिश किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला लागतो. तसं नसेल तरी इथेच जन्मून पहिली दहा वर्षं काढलेलं मूल नागरिक म्हणून नोंदवता येतं. अट: त्यांतल्या कुठल्याही वर्षी ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं नको. जास्त झालं तर सवलत अधिकाऱ्याच्या मर्जीवर. आजोळी चार महिने ठेवायचा बेत असेल तर तो या दहा वर्षांत नको, किंवा दोन वर्षांत वाटून करा. प्रवासाच्या तारखा वहीत लिहा. शाळा आणि दवाखान्याच्या नोंदी जपा, त्याच पुरावा होतात.

सोबत फॉर्मबद्दल एक. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात हातातला पासपोर्ट, जन्मस्थानाच्या रकान्यात गाव, वांशिक गटाच्या रकान्यात मूळ. मुलं प्रेमाने तिन्हीकडे ‘भारतीय’ लिहितात आणि शाळेची नोंद पुढे पासपोर्टशी जुळत नाही. इथल्या जनगणनेत ‘भारतीय’ हा वांशिक गट आहे, तिथे ते अभिमानाने लिहावं. राष्ट्रीयत्व त्या रकान्यात विचारलेलं नसतं.

मराठी शाळेतल्या शिक्षिका

सगळे कागद झाले तरी मुलाला आजीचं बोलणं कळलं नाही तर काय उरलं? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूल शाळेत जायला लागलं की ऐकतं मराठीत आणि उत्तर देतं इंग्रजीत. ‘मराठीत बोल’ असं दटावलं की ते गप्प होतं. त्याऐवजी त्याचंच उत्तर मराठीत अर्धं म्हणून सोडा, उरलेलं ते पूर्ण करतं.

पहिली हमखास चूक: ‘मी पुस्तक वाचलो’. इंग्रजीत क्रियापदाला कर्माशी देणंघेणं नसतं, मराठीत भूतकाळात ते कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. नियम सांगून उपयोग नाही. जेवताना म्हणवून घ्या: भात खाल्ला, पोळी खाल्ली, वरण खाल्लं. तिन्ही लिंगं एका ताटात आहेत, महिनाभर रोज पुरतं.

दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते. इंग्रजीतल्या ‘वी’ या एका शब्दासाठी आपल्याकडे दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. मूल फोनवर आजीला सांगतं, ‘आपण काल बर्फात खेळलो.’ आजी तर तिथे नव्हती! आणि सुट्टीचं सांगताना म्हणतं, ‘आम्ही गणपतीत मोदक करू’, आणि आजी बाहेर राहते. हे हातांनी शिकवा. ‘आम्ही’ म्हणताना हात स्वतःच्या छातीकडे, ‘आपण’ म्हणताना दोन्ही हात पसरून समोरच्याला कवेत घ्यायचं. पाच वर्षांच्या मुलाला चार दिवसांत जमतं. कोण आपल्यात आणि कोण नाही, हे ते भाषेतूनच ठरवायला शिकतं.

लिपी सहाव्या-सातव्या वर्षी, शाळेतली अक्षरं पक्की झाल्यावर. वर्णमालेच्या क्रमाने नको, आकाराने: ग म भ न, मग र स ख, मग व ब क, मग प ष फ. रविवारी सलग दोन तासांपेक्षा आठवड्यात चार दिवस वीस मिनिटं केव्हाही बरी. ‘ळ’ आणि ‘ण’ जमत नाहीत म्हणून हसू नका. जीभ मागे वळवून टाळूला लावून दाखवा, आरसा द्या.

जमिनीची कामं पाहणारे वकील

शिक्षिकाताईंचा वारसा वेगळा, तलाठ्याकडचा वेगळा, पण मुलाला दोन्ही मिळायला हवेत.

ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मात्र येते. आजोबा हयातीतच लाडक्या नातवाला बक्षीसपत्र करून देतात तिथे घोळ होतो. मृत्युपत्र करा. पुढे ती जमीन विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात घेणारा सहसा शेतकरीच लागतो.

वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करा. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र. लेकींची नावं गाळू नका, त्यांचा हक्क मुलांइतकाच आहे. नोटिशीनंतर हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात आणि नाव सातबाऱ्यावर चढतं. अडतं ते नावामुळे: सातबाऱ्यावर बापाचं नाव मधे असतं, परदेशी पासपोर्टवर ते नसतं. बापाचं नाव असलेला पूर्ण जन्मदाखला तिकडूनच अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) करून आणा.

येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. पाकिटावरचा टपालाचा शिक्का फाडून टाकू नका, पोचल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते.