शब्दचर्चा : पशुवैद्यकीय नोंदींचा दर्जा, आणि ‘अचूक’, ‘नेमकी’, ‘निरंक’ या शब्दांच्या सीमा

मूळ प्रश्न

पशुवैद्यकीय दवाखान्यांतील जुन्या रुग्णनोंदवह्या संशोधनासाठी कितपत वापरता येतील, हे ठरवण्यासाठी आम्ही एक मराठी तपासणीपत्रक तयार करत आहोत. नोंदवह्या बहुतांशी हाताने लिहिलेल्या आणि मराठी-इंग्रजी मिश्र भाषेतल्या आहेत. अलीकडच्या काही नोंदी केंद्र सरकारच्या ‘भारत पशुधन’ या संगणकीय नोंदप्रणालीतून, कानातल्या बिल्ल्याच्या 12 अंकी क्रमांकासह मिळतात. इंग्रजीत ‘डेटा क्वालिटी’ या एका नावाखाली जे निकष येतात, त्यांच्यासाठी आम्ही गुणवत्ता, पूर्णता, अचूकता, सुसंगती, विश्वसनीयता असे शब्द योजले. परंतु पत्रक भरणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी ‘अचूक’ आणि ‘विश्वसनीय’ हे शब्द एकाच अर्थाने घेतले, आणि रिकाम्या रकान्यांना कोणी अपूर्ण म्हटले तर कोणी निरंक. हे शब्द ठेवावेत की बदलावेत, आणि ठेवल्यास त्यांच्या सीमा कशा आखाव्यात?

प्रतिसाद : तालुका दवाखान्यात अनेक वर्षे काम केलेले पशुधन विकास अधिकारी

पहिली सूचना अशी की ‘गुणवत्ता’ऐवजी ‘दर्जा’ घ्यावा. गुणवत्ता म्हटले की मराठी वाचकाला गुणवत्ता यादी आठवते आणि नोंद लिहिणाऱ्याचेच मूल्यमापन चालले आहे असे वाटू लागते. ‘दर्जा’ शब्दालाही अडचण आहेच, कारण आपल्या खात्यात दवाखान्यांच्या श्रेणी 1 आणि श्रेणी 2 आहेत व दर्जा म्हणजे श्रेणी असा समज होऊ शकतो. म्हणून पत्रकाच्या डोक्यावरच ‘अमुक प्रश्नासाठी नोंदींचा दर्जा’ असे लिहावे आणि प्रश्न कोणता ते तिथेच भरून घ्यावे. त्यावाचून दर्जा ठरवता येत नाही, हे माझे ठाम मत आहे. ‘वेदनाशामक इंजेक्शन दिले’ एवढीच नोंद असली तर लंगडणाऱ्या जनावरांची संख्या मोजणाऱ्याला ती पुरेशी आहे. परंतु गिधाडांच्या मृत्यूंचा माग घेणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही, कारण गिधाडांना मारक ठरलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी 2006 मध्ये बंदी आल्यानंतर त्या तालुक्यात गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम वापरले जाऊ लागले की त्यांना घातक असलेले केटोप्रोफेन, नेमके हेच त्याला हवे असते. नोंद तीच असून एका ठिकाणी दर्जेदार ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी.

दुसरी गोष्ट ‘अचूक’ आणि ‘नेमकी’ या दोन शब्दांची. मराठीत हे दोन शब्द उत्तम आणि वेगळे आहेत, पण पत्रकात त्यांची सरमिसळ होते. नोंद खरी असणे म्हणजे ती अचूक असणे, आणि नोंद बारकाव्याची असणे म्हणजे ती नेमकी असणे. जनावराच्या वयाचा रकाना पाहा. ज्या पशुपालकाकडे जन्मतारीख नसते, त्याच्या जनावराचे वय आम्ही दात पाहून लिहीत असू : आदत (पक्के दात न आलेले), दोनदाती, चारदाती, जुळलेले (सगळे पक्के दात आलेले). ‘दोनदाती’ ही नोंद अचूक आहे, कारण दात प्रत्यक्ष पाहिलेले असतात, पण ती नेमकी नाही. संगणकात भरताना तिथे ‘2.5 वर्षे’ असे लिहिले की ती नेमकी दिसू लागते, आणि अचूकता मात्र संशयास्पद होते, कारण पक्के दात येण्याचे वय जात, आहार आणि सांभाळ यांनुसार मागेपुढे होते. मूळ शब्द जपावा, त्याचे अंकांत रूपांतर वेगळ्या रकान्यात करावे. वजनाचेही असेच आहे. औषधाच्या मात्रेसाठी लिहिलेले ‘300 किलो’ हे टेपने छाती मोजून काढलेले की नजरेने ठरवलेले, हे नोंदीत नसेल तर प्रतिजैविकांच्या मात्रेवरचा अभ्यास त्या आकड्यावर उभा करू नये.

कासेच्या आजारात हा भेद फार जाणवतो. ‘दगडी’ हा शब्द पशुपालक सांगतो आणि तो तसाच नोंदवहीत उतरतो. कास घट्ट झाली आहे एवढे त्यातून खात्रीने कळते. ‘कासदाह, मागचा डावा सड, दुधात गाठी’ ही नोंद नेमकी आहे. ‘सुप्त कासदाह’ हे मात्र डोळ्यांना दिसणारे नाही, त्याला सीएमटीसारखी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) दुधाची चाचणी लागते. म्हणून चाचणीचा उल्लेख नसताना नोंदवहीत ‘सुप्त कासदाह’ आढळला तर तिथे खूण करावी. लक्षण, तात्पुरते निदान आणि प्रयोगशाळेने पक्के केलेले निदान या तीन पायऱ्यांना पत्रकात तीन शब्द हवेतच. 2022 मध्ये लंपी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा गाठी दिसल्या की ‘लंपी’ लिहिले जाई. साथीच्या धावपळीत ते योग्यच होते, पण त्यातली किती निदाने नमुना पाठवून पक्की झाली हे नोंदवहीतून कळत नसेल, तर त्या रकान्याला ‘निदान’ न म्हणता ‘संशयित’ म्हणावे.

त्याच साथीतले एक उदाहरण ‘सुसंगती’ या शब्दासाठी देतो. गायीपुढे ‘शेळ्यांच्या देवीची लस’ अशी नोंद दिसली की नवखा संशोधक ती विसंगत ठरवून बाजूला काढील. प्रत्यक्षात त्या वेळी गोवंशाला हीच लस दिली जात होती आणि नोंद पूर्णपणे बरोबर आहे. उलट, रेतनाची तारीख आणि विण्याची तारीख यांत 310 दिवसांचे अंतर असलेली ‘गाय’ वरवर निर्दोष दिसते. गायीचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा आणि म्हशीचा साधारण 310 दिवसांचा असतो, म्हणून इथे एक तर जनावराचा प्रकार चुकला आहे, किंवा तारीख चुकली आहे, किंवा मधल्या माजावर ती पुन्हा फळली आणि ते कोणी लिहिले नाही. तेव्हा सुसंगती म्हणजे दोन रकान्यांचा एकमेकांशी मेळ, एवढाच अर्थ ठेवावा. आणि मेळ बसत नाही म्हणून नोंद खोटी, असा निष्कर्ष त्या जागी काढू नये.

प्रतिसाद : इंग्लंडमध्ये प्राण्यांच्या रुग्णनोंदींवर काम करणारी मराठी वाचक

‘विश्वसनीयता’ काढून टाकावी असे मला वाटते. संख्याशास्त्रात तिचा एक ठरलेला अर्थ आहे, पण व्यवहारात विश्वसनीय म्हणजे ज्यावर भरवसा ठेवावा तो, आणि त्यामुळे ती अचूकतेच्या अंगावर जाते. दोन वाचकांनी एकच पान स्वतंत्रपणे वाचून एकच उत्तर काढले का, हे मोजायचे असेल तर ‘एकवाक्यता’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे. आम्ही ती कोहेन यांच्या कॅपा गुणांकाने, म्हणजे योगायोगाने जुळणारी उत्तरे वजा धरून दोघांचे किती जुळले हे सांगणाऱ्या आकड्याने, मोजतो. तुमच्या विद्यार्थ्यांनी एकाच पानाला निरनिराळे गुण दिले असतील, तर तो दोष आधी पत्रकाच्या व्याख्यांचा मानावा.

इकडे रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या ‘व्हेटकंपास’ प्रकल्पात दवाखान्यांच्या ओळख पुसलेल्या नोंदींमध्ये शोधशब्द टाकून संभाव्य रुग्ण काढतात आणि मग त्या नोंदी माणूस वाचून पडताळतो. मराठी मजकुरावर हे करताना काळजी घ्यावी लागेल. ‘ताप’ शोधले तर ‘तापमान’ येईल आणि ‘ताप नाही’ हेही येईल, कारण आपला नकार शब्दाच्या मागून येतो आणि कधी कधी तर ‘ताप, जुलाब, खोकला नाही’ असा तिघांना मिळून एकच येतो. म्हणून ‘सापडलेली नोंद’ आणि ‘पडताळलेली नोंद’ असे दोन शब्द पत्रकात वेगळे ठेवावेत.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ‘दर्जा’, ‘एकवाक्यता’ आणि अचूक-नेमकी हा भेद आम्ही स्वीकारतो. ‘निरंक’चा प्रश्न मात्र सुटलेला नाही. रिकामा रकाना, आडवी रेघ आणि वरच्या ओळीखाली ओढलेल्या दोन टिंबांच्या खुणा, हे तिन्ही एकाच नोंदवहीत आहेत, आणि विद्यार्थी तिन्हींना निरंक म्हणतात.

प्रतिसाद : पशुधन विकास अधिकारी

हे तिन्ही एक मानणे धोक्याचे आहे. खात्याच्या मासिक अहवालात ‘निरंक’ लिहितात तेव्हा लिहिणारा जबाबदारीने सांगत असतो की पाहिले आणि काहीही आढळले नाही. या महिन्यात घटसर्प निरंक, याचा अर्थ रोग नव्हता असा घेतला जातो आणि त्याखाली अधिकाऱ्याची सही असते. हा अर्थ मराठी कार्यालयीन भाषेत पक्का रुजलेला आहे, तो पातळ होऊ देऊ नका. कोरा रकाना अशी कोणतीही ग्वाही देत नाही. तिथे तापमान घेतलेच नसेल, घेतले असेल पण बाहेर पन्नास जनावरे उभी असल्याने लिहायचे राहिले असेल, किंवा पान ओले होऊन शाई गेली असेल. यांतल्या पहिल्याला ‘तपासले नाही’, दुसऱ्याला ‘नोंदवले नाही’ आणि तिसऱ्याला ‘वाचता येत नाही’ म्हणावे. पहिल्या दोहोंतला फरक नोंदवहीवरून बहुधा कळणार नाही, तेव्हा दोन्ही मिळून ‘माहिती नाही’ असे लिहावे. आडव्या रेघेचा अर्थ लिहिणाऱ्यागणिक बदलतो. त्याच हस्ताक्षरातली इतर पाने पाहूनच तो ठरवावा आणि कशावरून ठरवला ते शेऱ्यात नमूद करावे.

खुणांच्या टिंबांचा अर्थ ‘वरीलप्रमाणे’. लसीकरणाच्या दिवशी एका पानभर ‘वरीलप्रमाणे’ असेल तर ते स्वाभाविक आहे, कारण लस तीच आणि गाव तेच. परंतु ताप आणि वजन यांच्या रकान्यात सलग दहा जनावरांपुढे ‘वरीलप्रमाणे’ असेल, किंवा प्रत्येकाचा ताप 102, 103, 104 असा पूर्ण अंकातच असेल, तर त्या रकान्याची पूर्णता शंभर टक्के भरेल आणि तरीही तो संशोधनात वापरू नये. तुमच्या पत्रकात ‘पूर्णता’ हा निकष पहिला आहे आणि त्याला सर्वाधिक गुण आहेत, हे मला खटकले. काळजीपूर्वक लिहिणारा डॉक्टर जे पाहिले नाही ते कोरे सोडतो, आणि या गुणपद्धतीत त्याचीच नोंदवही मागे पडेल. ‘पूर्णता’ ठेवा, पण तिचे गुण कमी करा आणि तिच्याशेजारी ‘पाहून भरलेले की भरायचे म्हणून भरलेले’ यासाठी एक रकाना द्या. त्याला मी ‘प्रत्यक्षता’ म्हणेन. यापेक्षा चांगला शब्द कोणी सुचवला तर तो घ्यावा.