नगर रोडची बीआरटी काढून नक्की काय मिळालं?

रोजचा_प्रवासी
पुण्यात नगर रोडवर येरवड्याहून वाघोलीच्या दिशेनं बीआरटी, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली लेन, 2016 ला सुरू झाली आणि 2023 पासून टप्प्याटप्प्यानं तोडली. तेव्हा सांगत होते लेन मोकळी झाली की ट्रॅफिक सुटेल. सुटलं का? संध्याकाळी सातला तिथून जाणाऱ्या कोणीही सांगावं. जी लेन मिळाली ती गाड्यांनीच भरली आणि बस निदान त्या पट्ट्यात तरी सुटी धावायची ती आता टेम्पो रिक्षा कार सगळ्यांच्या मागे उभी. लोकांचा राग एवढाच होता की आम्ही खोळंबतोय आणि शेजारची लेन रिकामी. अहो पण मिनिटाला एक बस सोडली तरी कडेला उभं राहून बघणाऱ्याला लेन बहुतेक वेळ रिकामीच दिसणार, आणि बसमध्ये पन्नास माणसं धरली तर तासाला तीन हजार माणसं तिच्यातनं गेलेली असतात. बाजूच्या लेनमध्ये कारला कार चिकटलेली, आत एक नाहीतर दोन जण. माझं म्हणणं, मेट्रो वाघोलीला पोचेपर्यंत गर्दीच्या वेळी तरी बसला तिची लेन परत द्या.

वाघोलीकर
मिनिटाला एक बस कधी होती हो? पंधरा मिनिटं काही नाही आणि मग तीन एकापाठोपाठ, हे आम्ही बघितलंय. स्टॉप रस्त्याच्या मधोमध, तिथं पोचायला भरधाव गाड्यांतून वाट काढायची, सिग्नलला कोणी थांबत नाही, म्हातारी माणसं हात वर करून पळतायत. मी तेव्हाही विरोधात होतो आणि आजही आहे. गाडी हौसेनं नाही घेतली, आईला गुडघ्यांचा त्रास, दवाखान्यात न्यायचं तर दुसरं काय करणार? आणि दिल्लीनं 2008 ला केलेली बीआरटी 2016 ला उखडलीच ना. तिथं जमलं नाही ते इथं कसं जमेल?

रोजचा_प्रवासी
दादा, आईला गाडीनं न्या की, त्याला कोण नाही म्हणतंय. रोज एकटा माणूस पूर्ण कार घेऊन ऑफिसला जातो त्याबद्दल बोलतोय मी. दिल्लीची बीआरटी जेमतेम सहा किलोमीटर, तेवढं अंतर संपलं की बस परत गर्दीत. अहमदाबादनं 2009 ला सुरू केली, वाढवत नेली, ती अजून चालू आहे.

आणि बस कमी का येतात हे जरा मांडून बघा. एका मार्गावर दहा बस आहेत, जाऊन-येऊन फेरीला दोन तास लागतात, म्हणजे दर बारा मिनिटांनी एक. ट्रॅफिकमुळे तीच फेरी तीन तासांची झाली की त्याच दहा बस, तेच ड्रायव्हर, आणि स्टॉपवर दर अठरा मिनिटांनी एक. डिझेल पगार सगळा तेवढाच जातो. म्हणून लेन काढली की फक्त बस हळू होत नाही, बस कमीसुद्धा होते, मग लोक वैतागून टू-व्हीलर घेतात आणि रस्ता अजून भरतो.

मुळामुठा
टू-व्हीलरचं नाव आता काढलंत ते बरं झालं. तुमच्या हिशोबात सगळी कार आहे पण पुण्याचा रस्ता म्हणजे टू-व्हीलर, एका लेनमध्ये तीन शेजारी शेजारी जातात. त्या माणसांचा हिशोब कोण करणार? जून 2025 ला पीएमपीचं, म्हणजे शहराच्या बसचं, किमान तिकीट पाचाचं दहा झालं. नवराबायको दोघं मिळून चार किलोमीटर जाऊन आले तर चाळीस रुपये, स्कूटरला तेवढ्या अंतराला त्याच्या अर्धंही पेट्रोल लागत नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, डिलिव्हरीची पोरं, ह्यांना पाच ठिकाणी जायचं असतं, ते बसनं कसं जातील? हातावर पोट असलेल्याला त्रास होणार असेल तर मी लेनच्या विरोधात.

खराडीची_ताई
तिकिटाचं अगदी बरोबर बोललात, भाडेवाढ चुकीचीच होती. पण लेन नको हे नाही पटत. बस अडकली तर सगळ्यात आधी मार खाते ती धुणंभांडी करणारी बाई, तिच्याकडं स्कूटर नाही आणि उशीर झाला की बोलणी तीच खाते.

मला वेगळं सांगायचंय. घर ते स्टॉप हे दहा मिनिटांचं अंतर आहे ना, तिथं सगळं हरतं. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, मधेच विजेचा डीपी बॉक्स, मधेच फुटपाथ संपतो, रात्री दिवे बंद. आठनंतर मुलीला मी त्या रस्त्यानं चालत पाठवत नाही, कितीही चांगली बस असली तरी. जंगली महाराज रस्त्याला रुंद फुटपाथ करता आला, बसायला बाकं आली, मग खराडी-चंदननगरला का नाही? रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यायचं पार्किंगचं धोरण 2018 ला महापालिकेनं मंजूर केलं, तेही पाच रस्त्यांपुरतं, आणि ते पाच रस्तेसुद्धा वर्षानुवर्षं रखडले. रस्त्यावर फुकट गाडी लावायला मिळते तोवर फुटपाथ मोकळा होणं अवघड आहे.

वाघोलीकर
ताईंचं सगळं मान्य. पण मूळ दुखणं कोणी बोलत नाहीये. वाघोली 2021 ला महापालिकेत आली त्याच्या आधीच सोसायट्या उभ्या राहिल्या, आतले रस्ते एकमेकांना जोडलेलेच नाहीत. दूध आणायला, शाळेत सोडायला, सगळ्याला एकच नगर रोड. बिल्डरला परवानग्या देताना रस्ता कुठाय हे कोणी विचारलं नाही आणि आता आम्हाला सांगतात गाडी सोडा.

मुळामुठा
हे शंभर टक्के. आणि मेट्रो स्टेशनजवळ जास्त एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी, देतायत, तिथल्या टॉवरलाही खाली पार्किंगचे मजले आहेतच. मग तो माणूस मेट्रोनं कशाला जाईल? तरीपण माझं मत तेच, रामवाडीपर्यंत मेट्रो आली 2024 ला, वाघोलीच्या पुढं विठ्ठलवाडीपर्यंतची 2025 ला मंजूर झाली, ती होऊ द्या, मग गाड्यांवर बंधनं आणा.

सिंगापूरहून_पुणेकर
हा क्रम असाच पाहिजे असं नाही. इथं शहराच्या मध्यभागात सकाळी कार आणायला 1975 पासून पैसे घ्यायला लागले, बसला सूट होती. मेट्रो आली 1987 ला. मधली बारा वर्षं माणसं मुख्यतः बसनंच गेली, रस्ता मोकळा केला म्हणून बस चालली. सिंगापूर म्हणजे पुणे नाही, एकच सरकार सगळं ठरवतं, तिकडे चार खाती आहेत हे कळतं. पण मेट्रोची वाट बघत बसला दहा वर्षं सडवायची गरज नाही.

रोजचा_प्रवासी
मंजुरी आणि गाडी धावणं ह्यात किती वर्षं जातात ते आपण पुण्यात बघतोच आहोत. म्हणून मागणी छोटी करतो. रामवाडी स्टेशन ते वाघोली, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, डावीकडची लेन फक्त बस आणि अँब्युलन्सला. त्या वेळात तिथं एकही गाडी लावायची नाही. मधोमध स्टॉप नको, बांधकाम नको, रंग आणि वॉर्डन पुरे. तीन महिने करा आणि दोन्ही लेनमधली माणसं मोजा, टू-व्हीलरवरची पण मोजा.

वाघोलीकर
तीन महिने चालेल. पण आधी प्रत्येक स्टॉपला रस्ता ओलांडायला सिग्नल आणि तिथं माणूस उभा, आणि बसचं वेळापत्रक स्टॉपवर लावलेलं पाहिजे. ते न करता नुसता पट्टा रंगवला तर सोसायटीतून विरोधाचं पहिलं पत्र माझंच जाईल.

खराडीची_ताई
सिग्नलच्या अर्जावर मी सही करते. दिव्यांचं पण त्यात घाला.