रात्री एकचाकी: हेल्मेटवरच्या दिव्यानं भागत नाही

विजेवरची एकचाकी, म्हणजे एकाच चाकावर उभं राहून चालवायची गाडी, रात्री चालवताना फक्त हेल्मेटवर दिवा चालेल का? नाही चालत. डोळ्याजवळून पडणाऱ्या उजेडात खड्ड्याची सावलीच दिसत नाही, रस्ता सपाट वाटतो. मुख्य दिवा चाकाच्या बॉडीवर, गुडघ्याखाली हवा. हेल्मेटचा फक्त वळणावर बघायला. ताशी २५ किमीला सेकंदाला ७ मीटर जातात, म्हणून झोत निदान ३० मीटर पडावा. कापूस नेणाऱ्या बैलगाडीला मागं बहुधा दिवा नसतो, ती तुमच्याच झोतात दिसायला हवी! तुमच्या मागं मात्र लाल दिवा, घोट्यांना रिफ्लेक्टर पट्टी.

खर्च आधी मनगटाच्या गार्डवर करा: चाक अचानक बंद पडलं की माणूस बहुधा तळहातांवर पडतो. मग फुल-फेस हेल्मेट, गुडघ्याचे पॅड. हेल्मेटची काच पारदर्शक, काळी नको. ट्रॅक्टरनं डांबरावर आणलेली ओली काळी माती दिसली की सरळ उतरून चाला.