कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर निसर्ग-फोटोग्राफीचा वर्ग: पहिल्या दिवशी काय शिकवावं?

पाणथळ_को: मंडळी, नवशिक्यांसाठी रविवार सकाळचा वर्ग सुरू करतोय. दहा जण तयार आहेत, प्रत्येकाचा कॅमेरा वेगळा. सुरुवात कशानं करू? आणि शिकवणं अधिक फोटो यावर घर चालेल का?

वंचक: दोन तुकड्या करा. काठावर पाच-सहांपेक्षा जास्त जण असले की शेवटच्याच्या कॅमेऱ्यापर्यंत तुम्ही पोचेतो पक्षी उडालेला असतो.

सकाळी शहराकडच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर उभे राहा, ऊन पाठीशी येतं. संध्याकाळी तिथूनच सूर्य समोर येतो आणि पक्षी नुसते काळे दिसतात.

पहिल्या दिवशी उडता पक्षी नको, बसलेला बगळा द्या. गडद पाण्यावर लहानसा पांढरा बगळा असला की कॅमेरा अख्खी चौकट उजळवतो आणि पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफेक होऊन त्यातले बारकावे जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) उणे 2/3 ते उणे 1 करायला लावा, हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) उजव्या कडेला चिकटलाय का ते प्रत्येकाला बघायला सांगा. बगळ्यानं चौकट भरली की उलट होतं: कॅमेरा पांढऱ्याचा राखाडी करतो, तेव्हा अधिककडे जावं लागतं. हे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवलेत की अर्धा वर्ग तिथंच झाला. उडत्या पक्ष्यांना 1/2000 सेकंदाचा शटर-वेग आणि ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), तेही पुढच्या रविवारी.

पठारवाट: पावसाळा सरताना पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मॅक्रोचा, म्हणजे अगदी जवळून लहान गोष्टी टिपण्याचा, वर्ग घ्या. फ्लॅशला डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा), लेन्सचं छिद्र एफ/8 ते एफ/11 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). सगळंच स्पष्ट यावं म्हणून पोरं एफ/22 लावतात, मग विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) अख्खा फोटोच मऊ पडतो. फुलं तुडवायची नाहीत, पाय खडकावरच. बेडकांना हात लावू देऊ नका, हाताचं डास-मलम त्यांच्या त्वचेतून आत जातं.

आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत ठेवली तर बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक घ्या, आकडा 40 ते 50 टक्के ठेवा.

सडा_आणि_सावली: घराबद्दल स्पष्टच सांगतो, नुसत्या फीवर भरवसा ठेवू नका. पावसात वर्ग रद्द होतात. रिसॉर्ट, शाळा, प्रिंट अशी कामं जोडीला लागतात. तिथं एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढलात आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायदा 1957 नुसार पहिला मालक ग्राहक ठरतो. मग तेच फोटो तुम्ही दुसरीकडे विकू शकत नाही. हक्क कुणाकडे, वापर कुठं आणि किती काळ, हे काम घेण्याआधी कागदावर आणा.

पाणथळ_को: आभार. घरट्यांचे फोटो मागणारेही आहेत, त्यांना काय सांगू?

वंचक: नाही म्हणा, भावा. माणसं जवळ थांबली की आई-बाप परतत नाहीत, अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना घरटं सापडतं. आवाज लावून पक्षी बोलावणंही तसंच बंद. दोन्ही नियम फी घेण्याआधीच कळवा, काठावर वाद नकोत.