शाळेतला इंग्रजीचा धडा खरा कधी कळला?

शाळेच्या इंग्रजी पुस्तकातली एखादी कविता किंवा गोष्ट तुमच्या डोक्यात नेमकी कधी उतरली? गाईड पाठ करून मार्क सगळ्यांनीच मिळवले, ते नको. कोणी वर्गात काही बोललं, पुढे कुठे वाचनात आलं किंवा नोकरी-संसारात पडल्यावर लख्खकन उमगलं, असं काही असेल तर लिहा. मराठी माध्यमवाल्यांनी तर लिहाच.

सोनकीप्रेमी: वर्ड्‌स्वर्थची 'डॅफोडिल्स'. पुस्तकातलं चित्र काळंपांढरं, आणि फूल सरांनीही पाहिलेलं नव्हतं. ते सरळ म्हणाले, "भादव्यात पठारावर सोनकी फुलते ना, तसं समजा." आम्ही जुन्नरकडचे, तेवढं पुरलं.

खरी गंमत पुढे वाचली. कवितेत कवी एकटाच भटकतोय, पण १५ एप्रिल १८०२ ला अल्सवॉटर तळ्याकाठी त्याच्यासोबत बहीण डोरोथी होती. काही फुलं दमून दगडांवर डोकं टेकून पडली होती, असं तिने रोजनिशीत लिहिलंय. मला ही नोंद कवितेपेक्षा आवडते, राग मानू नका. कविता त्याने एकदोन वर्षांनी लिहिली, आणि मनाच्या डोळ्यांपुढे फुलं चमकतात त्या दोन ओळी बायकोच्या, मेरीच्या. एकटेपणाच्या कवितेला घरच्या दोघींचा हात!

जमाखर्च: ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय'. आम्ही "नवराबायकोच्या त्यागाची कथा" एवढं लिहून मोकळे व्हायचो. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. बायको डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट, स्वतःचे केस विकून आले २०, नवऱ्याच्या, जिमच्या घड्याळासाठी साखळी २१ ची, उरले ८७ सेंट. मग म्हणाल्या, "आता जिमचा पगार शोधा." तोही गोष्टीतच आहे: आठवड्याला ३० मिळायचे, ते २० वर आलेत आणि त्यातले ८ भाड्यात जातात. म्हणजे साखळी आठवड्याच्या पगाराहून महाग! त्या वर्षी बाबांचा कारखाना बंद होता, त्यामुळे तो कपातीचा आकडा मला चांगलाच झोंबला.

औषधवाला, रायगड: निसीम इझिकेलांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'. आईला विंचू चावतो, गावकरी जप करतात, बुद्धिवादी वडील चावलेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावतात. शाळेतलं उत्तर ठरलेलं: अंधश्रद्धा विरुद्ध विज्ञान.

पुढे औषधांच्या धंद्यात आलो. लाल विंचवाचा दंश आमच्याकडे जिवावर बेतायचा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं, तेव्हा कुठे माणसं वाचू लागली. हे ठाऊक झाल्यावर कविता परत वाचली. वडिलांचा जाळही अघोरीच की! शिवाय ते शाप, आशीर्वाद, चूर्ण, झाडपाला सगळं करून बघतात. त्या रात्री विज्ञान कोणाकडेच नव्हतं, सगळे घाबरलेले होते. (इझिकेल मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेण्यातही त्यांचा वाटा होता, हे मात्र शाळेत कोणी बोललं नाही.)

मागचा बाक: मी उलट बोलतो. परीक्षेतल्या अॅप्रिसिएशनच्या, म्हणजे कवितेच्या रसग्रहणाच्या प्रश्नाला सगळे शिव्या घालतात, पण यमक कुठे जुळतंय आणि कुठे मुद्दाम तुटतंय, हे बघायची सवय मला त्यानेच लागली. आता मुलीच्या दहावीच्या पुस्तकात पेन्सिल घेऊन बसतो, आणि ती वैतागते.