अपघात झालाच नाही, म्हणून क्रॉसिंग सुरक्षित?

पायवाट: मी रोज ओलांडते त्या झेब्रा क्रॉसिंगवर पाच वर्षांत एकही अपघात नोंदलेला नाही, म्हणून ते सुरक्षित मानतात. परवा जवळच्या लेनमधली गाडी थांबली, चालकाने हाताने "जा" अशी खूण केली. मी निघाले आणि तिच्या आडून पलीकडच्या लेनमधली गाडी माझ्या पिशवीला घासून गेली. याची नोंद कुठे होणार? वाहतूक-सुरक्षेचे संशोधक ख्रिस्तेर हिदेन यांनी १९८७ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात मांडलेली पद्धत हेच प्रसंग टिपते: कुणी ब्रेक दाबला किंवा मागे सरकलं, त्या क्षणी टक्कर किती सेकंदांवर होती आणि वेग किती होता. धोका असाच मोजायला हवा.

रोजचा चालक: मोबाइलमध्ये डोकं घालून लोक दोन उभ्या गाड्यांमधून एकदम समोर येतात, तिथे चालक काय करणार? शिवाय "थोडक्यात वाचले" हे ज्याचं त्याचं. भित्र्या माणसाला प्रत्येक गाडी अंगावर आल्यासारखी वाटते. मोजायच्या तर इजा मोजा.

पायवाट: इजा मोजायची म्हणजे आधी कुणाला तरी इजा व्हायची वाट बघायची. आणि हे भीतीवर सोडायची गरज नाही. माणूस जिथून गेला तिथे गाडी किती वेळाने पोचली, हे व्हिडिओवरून मोजता येतं. एकदम समोर येणाऱ्याचं म्हणाल, तर वेगाचा हिशेब त्याच्यासाठीच आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा. तेवढ्याच अंतरात ३० ने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबते. ५० वाल्याचा वेग तिथे अजून कमीसुद्धा झालेला नसतो!

सावकाश: माझ्या वडिलांना गाडी किती लांब आहे ते दिसतं, किती वेगाने येतेय ते उमगत नाही. ते मोबाइल वापरतच नाहीत.

रोजचा चालक: ३० चं गणित मान्य. पण रुंद, सरळ रस्त्यावर नुसती पाटी लावून कुणी ३० ने जाणार नाही. रस्ता अरुंद करा, मध्ये उभं राहायला जागा द्या. मोबाइलबद्दलचं मत मात्र मी बदलणार नाही.

पायवाट: मधल्या जागेला माझा पूर्ण पाठिंबा. आज सकाळी अर्धा तास तिथे उभी राहिले. सात जणांना टाकलेलं पाऊल मागे घ्यावं लागलं. मोबाइल त्यातल्या एकाच्याच हातात होता.